चकवा, धुकं आणि होकायंत्र: नकाशा वाचत डोंगरात धावू पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

इंग्लंडच्या उत्तरेत राहायला आल्यापासून मी इथल्या डोंगरांत धावते. मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की गाडीच्या डिकीतले चिखलाने माखलेले बूट कोणाला तरी दिसतात आणि प्रश्न सुरू होतात. मँचेस्टर, लीड्स, प्रेस्टन भागातली बरीच मराठी मंडळी मुळात सह्याद्रीत भटकलेली. पाय शिवशिवत असतात, पण धुक्याची आणि नकाशाची धास्ती वाटते. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

फेल रनिंग म्हणजे ट्रेल रनिंगच ना?

नाही. 'फेल' हा शब्द व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतून आला. अर्थ डोंगर. लेक डिस्ट्रिक्ट या इंग्लंडच्या वायव्येकडच्या डोंगर-तळ्यांच्या भागातला फेल म्हणजे झाडं जवळजवळ नाहीतच असा, गवताचा, दलदलीचा, दगडांचा आणि मेंढ्यांचा उघडा डोंगर. ट्रेल रनिंगमध्ये वाट आखलेली असते, वळणावर फीत लावलेली असते, बाण असतात. फेलच्या शर्यतीत बहुधा फक्त ठिकाणं ठरलेली असतात: आधी हे शिखर, मग ती खिंड, मग ते तळं. मधे कुठून जायचं हे तुमचं तुम्ही बघायचं. वाट असेल तर घ्या, नसेल तर गवत तुडवत जा.

सगळ्याच शर्यतींना नकाशा वाचता यावा लागतो का?

मुळीच नाही. गावच्या जत्रेतली फेल शर्यत म्हणजे समोरच्या टेकडीवर जाऊन परत यायचं. ग्रासमेअरच्या जत्रेत १८६८पासून अशी शर्यत चालत आली आहे. तिथे पाय आणि फुप्फुसं पुरतात.

शर्यतीच्या माहितीत दोन अक्षरं लिहिलेली असतात, ती बघायला शिका. फेल रनर्स असोसिएशन ही १९७० साली स्थापन झालेली संघटना शर्यतींची वर्गवारी करते. पहिलं अक्षर चढाचं. 'ए' म्हणजे किलोमीटरमागे सरासरी किमान ५० मीटर चढ आणि पक्का रस्ता २० टक्क्यांहून जास्त नाही. 'बी' म्हणजे किमान २५ मीटर, 'सी' म्हणजे २०. दुसरं अक्षर लांबीचं. 'एस' १० किलोमीटरपर्यंत, 'एल' २० किंवा जास्त, मधलं सगळं 'एम'. त्यामुळे 'एएस' ही शर्यत आखूड असते, पण सोपी नसते. लोक 'एस' बघून नाव नोंदवतात आणि मग चढावर चार पायांवर येतात.

त्यापुढे 'एनएस' असेल तर दिशा शोधण्याचं कौशल्य हवंच, 'ईआर' असेल तर अनुभव हवा, 'एलके' असेल तर त्या डोंगराची ओळख असलेल्याला फायदा. पहिल्या वर्षी 'एनएस' आणि 'ईआर' या दोन्हींपासून लांब राहा.

मग नकाशाच्या खऱ्या शर्यती कोणत्या?

लेक डिस्ट्रिक्ट माउंटन ट्रायल ही त्यातली जुनी, १९५२ची. चेकपॉइंट कुठे आहेत हे शर्यतीच्या दिवशीच कळतं. दुसरा प्रकार माउंटन मॅरेथॉनचा. नावात मॅरेथॉन असली तरी ४२ किलोमीटरशी काही संबंध नाही. दोन दिवस, बहुधा दोघांची जोडी, आणि तंबू, झोपायची पिशवी, स्टोव्ह, जेवण सगळं आपल्याच पाठीवर. १९६८ साली सुरू झालेली आणि आज ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन नावाने ओळखली जाणारी स्पर्धा ऑक्टोबरच्या शेवटी भरते, म्हणजे हवा मुद्दाम वाईट निवडल्यासारखी.

यात दोन पद्धती असतात. एकीत चेकपॉइंट ठरलेल्या क्रमाने घ्यायचे. दुसरीत, म्हणजे स्कोअर प्रकारात, डोंगरभर चेकपॉइंट विखुरलेले असतात, प्रत्येकाला गुण असतात आणि ठरावीक वेळेत जमतील तेवढे गोळा करायचे. उशीर झाला की गुण कापले जातात. नवख्यांसाठी स्कोअर उत्तम, कारण दमलात तर लवकर परत फिरा, शर्यत पूर्णच धरली जाते.

मी दहा किलोमीटर पन्नास मिनिटांत धावते. इथे किती वेळ लागेल?

तो आकडा घरी ठेवून या. १८९२मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने चालणाऱ्यांसाठी ढोबळ हिशेब मांडला: ताशी ३ मैल, आणि दर २००० फूट चढाला एक तास अधिक. म्हणजे २००० फूट चढणं हे ३ मैल सपाट चालण्याइतकं झालं. भागाकार केला तर १ मीटर चढ बरोबर साधारण ८ मीटर सपाटी.

हे गुणोत्तर धावणाऱ्यालाही बरंच कामाला येतं, आणि वेळेपेक्षा वाट निवडायला जास्त. समोर ६० मीटरची टेकडी आहे. वरून गेलात तर चढापोटी ४८० मीटर सपाट धावण्याइतकी जास्तीची मेहनत. वळसा घातला आणि तो त्याहून कमी पडत असेल तर वळसा घ्या. फक्त वळशाची जमीन कशी आहे ते बघा. उतारावर आडवं धावताना एक पाय सतत वर, एक खाली. गवताचे ढेप असले तर घोट्याची वाट लागते. मी स्वतः हिशेबाने वळसा घेऊन कैक वेळा तोंडघशी पडले आहे.

नकाशा कोणता घ्यायचा?

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,०००, नारिंगी वेष्टनाचा. त्यावर ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. गुलाबी वेष्टनाचा १:५०,००० नकाशा चालायला ठीक, पण त्यात शेतांच्या आणि डोंगरातल्या दगडी भिंती दाखवलेल्या नसतात, आणि धुक्यात भिंत सापडणं म्हणजे देव भेटल्यासारखं असतं. हार्वी कंपनीचे १:४०,००० नकाशे पाण्याने खराब होत नाहीत आणि त्यांवर गर्दी कमी असते, म्हणून धावणाऱ्यांना ते आवडतात. मात्र त्यांच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, १५ मीटरच्या अंतराने असतात, ऑर्डनन्स सर्व्हेच्या डोंगराळ भागात १०च्या. एकावरून दुसऱ्यावर गेलात तर डोळ्यांची सवय बदलावी लागते, नाहीतर चढ वाटला होता त्याच्या दीडपट निघतो.

नवख्यांना हमखास फसवणाऱ्या दोन खुणा सांगून ठेवते. नारिंगी नकाशावर हिरव्या तुटक रेषा असतात. त्या 'इथून जायचा कायदेशीर हक्क आहे' एवढंच सांगतात, जमिनीवर वाट आहे असं नाही. प्रत्यक्षातली वाट काळ्या तुटक रेषेने दाखवतात. हिरवी रेषा आहे आणि काळी नाही, तर तिथे नुसतं गवत असण्याची तयारी ठेवा. दुसरी खूण म्हणजे काळ्या ठिपक्यांची रेषा. ती गावांच्या हद्दीची असते. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ अर्धा तास एका हद्दीवरून वाट शोधत होते.

समोच्च रेषा शाळेत भूगोलात होत्या, तेव्हाही कळल्या नव्हत्या.

परीक्षेत टेकडीचा छेद काढायला लावत आणि विषय संपे. इथे त्या रेषाच सगळं काही आहेत. वाटा पुसल्या जातात, दलदल सरकते, कुंपणं मोडतात. डोंगराचा आकार तेवढा राहतो, आणि धुक्यात तो पायांना कळतो.

गंमत म्हणजे सह्याद्रीत भटकलेल्या माणसाकडे यासाठी लागणारे सगळे शब्द आधीच असतात. डोंगराची सोंड माहीत आहे, खिंड माहीत आहे, नाळ, घळ, धार, पठार, बेचकी माहीत आहे. आता नकाशावर बघा. रेषा उंचीकडून खालच्या बाजूला फुगून बाहेर आल्या की सोंड. त्याच रेषा डोंगराच्या पोटात आत शिरल्या की घळ. दोन उंचवट्यांच्या मधे रेषा कंबरेसारख्या आवळल्या की खिंड. एकमेकींना चिकटल्या की कडा, पांगल्या की पठार. ज्याने हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढली आहे त्याला घळ म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. ती घळ कागदावर कशी दिसते एवढंच शिकायचं असतं.

जवळच्या टेकडीचा नकाशा घ्या, घरी बसून फक्त रेषांवरून ठरवा की इथे चढ तीव्र, मग सपाटी, मग छोटी खिंड. मग तिथे जाऊन ताडून बघा. पाच-सहा रविवारांत डोळा तयार होतो. रेषांमधल्या जागेत लपलेल्या गोष्टीही तेव्हाच कळतात: १० मीटरच्या अंतराने रेषा असतील तर ८ मीटरचा सरळ कातळ त्यांच्यामधे सहज दडून बसू शकतो.

होकायंत्र कसं वापरायचं? थोडक्यात सांगा.

दोन वापर आहेत. पहिला इतका सोपा की लोक तो करतच नाहीत: नकाशा फिरवून त्याची उत्तर सुईच्या उत्तरेशी जुळवायची. मग नकाशावर जे डावीकडे तेच प्रत्यक्षात डावीकडे. अक्षरं उलटी दिसली तरी चालतील, आपण वर्तमानपत्र वाचत नाही. अंगठा आपण आहोत त्या जागेवर ठेवा आणि पुढे सरकाल तसा सरकवा. शर्यतीतलं बहुतेक काम एवढ्यावर होतं.

दुसरा वापर धुक्यात, नेमकी दिशा धरून जायला. पारदर्शक पट्टीची कड 'इथून' ते 'तिथे' अशी नकाशावर ठेवा. गोल तबकडी फिरवून तिच्यातल्या रेषा नकाशाच्या उभ्या रेषांना समांतर करा. आता होकायंत्र छातीसमोर आडवं धरा आणि सुईचं लाल टोक तबकडीवरच्या लाल चौकटीत येईपर्यंत स्वतः फिरा, तबकडी नाही. पट्टीवरचा बाण दाखवतो तिकडे जा. बाणाच्या दिशेतला एखादा दगड हेरा, तिथपर्यंत धावा, पुन्हा हेरा. सुईकडे बघत धावलात तर खड्ड्यात जाल.

चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर यांतला फरक लेक डिस्ट्रिक्टमध्ये सध्या इतका थोडा आहे की नवख्याने सोडून द्यावा. फोन मात्र होकायंत्राजवळ ठेवू नका. एकाच खिशात राहिल्याने सुईची टोकं चक्क उलटी झाल्याच्या घटना घडल्या आहेत, म्हणजे लाल टोक दक्षिण दाखवायला लागतं.

दिशा बरोबर धरूनही ठिकाण चुकतं. का?

१ अंशाची चूक १ किलोमीटरवर १७ मीटरची होते, ५ अंशांची ८७ मीटरची. धावताना ५ अंश सहज हलतात, आणि धुक्यात ३० मीटरपलीकडचं दिसत नाही. म्हणून अनुभवी माणसं थेट नेम धरत नाहीत. समजा ओढा आणि भिंत मिळतात तिथे जायचं आहे. नेम धरला आणि ओढ्यावर पोहोचलात, पण भिंत दिसेना, तर डावीकडे जायचं की उजवीकडे? मुद्दाम थोडं डावीकडे नेम धरलात तर ओढा लागताच निःशंक उजवीकडे वळता येतं.

शिवाय लांबच्या छोट्या ठिकाणावर थेट चालून जाऊ नका. आधी जवळपासची मोठी, न चुकणारी गोष्ट गाठा, जसं तळं किंवा भिंतीचा कोपरा, आणि तिथून शेवटचे १५०-२०० मीटर काळजीपूर्वक. मोठ्या गोष्टीपर्यंत पळत सुटा, तिथून पुढे जवळजवळ चाला. आणि ठिकाण चुकून पुढे निघून गेलात तर कशाने कळणार, हेही निघण्यापूर्वीच ठरवा: 'मोठा ओढा ओलांडला तर जास्त झालं'.

माझं मत विचाराल तर या खेळात नवख्याची एकच खरी चूक असते, नकाशा वाचता येतो त्याहून जास्त वेगाने पळणं. दम लागलेल्या मेंदूला रेषा दिसतात, पण आकार दिसत नाही.

पुढच्या माणसाच्या मागे मागे गेलं तर?

सगळे करतात. मीही केलं, म्हणून सांगते. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, एस्क हॉज या खिंडीपाशी दाट धुकं होतं. अनेक वाटा एकत्र येणारी ही जागा लोकांना फसवण्यासाठी प्रसिद्ध आहे. मला उत्तरेला बॉरोडेलच्या खोऱ्यात उतरायचं होतं. पुढे एक लाल जाकीट झपझप, अगदी ठामपणे चाललं होतं. एवढ्या ठाम माणसाला वाट माहीत असणारच, असं म्हणून मी नकाशा खिशात घातला. वीस मिनिटांनी एक तळं लागलं, जे लागायला नको होतं. मी त्याला गाठून विचारलं. तो शर्यत सोडून निघाला होता. त्याची गाडी लँगडेलच्या खोऱ्यात होती.

तळं होतं अँगल टार्न, आणि मी पूर्वेला आले होते. होकायंत्राकडे एकदा जरी पाहिलं असतं तरी कळलं असतं. उलट चढायची ताकद नव्हती, म्हणून त्याच्याबरोबरच रॉसेट गिलमधून खाली उतरले. डोंगरातून शेजारी असलेली ही दोन खोरी गाडीने तासाभराची होतात. त्याने सोडलं म्हणून बरं.

खरी लाज पुढे वाटली. खाली फोनला रेंज नव्हती, आणि शर्यत संपते तिथे संयोजक माझी वाट बघत उभे होते. शर्यत सोडली की कुठल्याही परिस्थितीत संयोजकांना कळवायचं, हा या खेळातला सगळ्यात कडक नियम आहे. न सांगता घरी गेलात तर तुमच्या शोधात लोक रात्री डोंगर पालथा घालतील.

चकवा लागलाच तर काय करायचं?

कोकणात चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच शेताभोवती फिरतो म्हणतात. इथल्या धुक्यात तो दिवसाढवळ्या लागतो. पहिली गोष्ट, थांबा. हरवलेला माणूस वेग वाढवतो, आणि हरवणं तेवढं मोठं होतं.

मग विचारा: नक्की माहीत असलेली शेवटची जागा कोणती? तिथून किती मिनिटं झाली? चढत होते की उतरत? दहा मिनिटं झाली असतील तर त्या जागेभोवती एक वर्तुळ काढता येतं, आणि तुम्ही त्याच्या आतच असता. आता धुक्यातही चालणारी युक्ती: उतार कुठल्या दिशेला आहे ते होकायंत्राने मोजा. सरळ खाली तोंड करून उभे राहा आणि बघा, उतार ईशान्येकडे की पश्चिमेकडे. नकाशावर त्या वर्तुळात नेमका त्या दिशेला उतरणारा डोंगर बहुधा एक-दोन ठिकाणीच असतो. उरलेल्या सगळ्या जागा एका फटक्यात बाद. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मला जादू केल्यासारखं वाटलं होतं.

तरीही कळेना, तर शेवटच्या नक्की जागेपर्यंत मागे जा. ओढ्याच्या कडेने 'खाली गाव असेलच' म्हणून उतरू नका. सह्याद्रीत असं उतरणारा धबधब्याच्या तोंडावर जाऊन अडकतो. इथल्या घळींतही तेच होतं.

घड्याळात जीपीएस असताना हे सगळं कशाला?

सरावाला वापरा, आणीबाणीसाठी फोन भरलेला ठेवा. पण माउंटन मॅरेथॉनसारख्या स्पर्धांमध्ये जीपीएस बघून दिशा शोधायला बहुधा मनाई असते, त्यामुळे त्या त्या शर्यतीचे नियम वाचा. नियम नसता तरी गार पडलेल्या बोटांना ओला पडदा दाद देत नाही, आणि थंडीत बॅटरी लवकर मान टाकते.

बरोबर काय काय न्यावं लागतं?

लांब शर्यतींना साधारणपणे टोपीचं आणि शिवणी पट्टीने बंद केलेलं जलरोधक जाकीट, तशीच विजार, लोकरी टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि संकटातलं खाणं एवढं सक्तीचं असतं. सुरुवातीला पिशव्या तपासतात. वारा अडवणारं पातळ जाकीट म्हणजे जलरोधक जाकीट नव्हे, त्यावरून परत पाठवतात. २०१२मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका शर्यतीत एक धावपटू दगावला, त्यानंतर फेल रनर्स असोसिएशनचे सुरक्षेचे नियम आणखी कडक झाले. कटकट वाटली तरी हुज्जत घालू नका.

बूट फेलचेच हवेत: पातळ तळवा, खोल रबरी खुंट्या. रस्त्याच्या जाड बुटांनी ओल्या गवतावरून उतरणं म्हणजे साबणावर नाचणं. पाय मात्र कुठल्याही बुटात भिजणारच. भिजू द्या.

खाण्यात चिक्कीवर माझा फार विश्वास होता, पण थंडीत ती दगड होते. खजुराचे लाडू उत्तम. हातमोजे न काढता खाता येतात.

हवेची एवढी भीती का घालतात? महाबळेश्वरला याहून जास्त पाऊस पडतो.

पडतो. बॉरोडेलमधलं सीथवेट हे इंग्लंडमधल्या वस्तीच्या जागांत सगळ्यात ओलं गाव, तिथे वर्षाला साधारण ३५०० मिलिमीटर पडतो. महाबळेश्वरचा आकडा त्याहून बराच मोठा. पण तो पाऊस कोमट असतो. इथे जुलैतही ९०० मीटरवर वारा आणि पाऊस एकत्र आले की अंगातली ऊब तासाभरात निघून जाते. पायथ्याला १२ अंश असेल तर स्केफेल पाइक या इंग्लंडच्या सर्वांत उंच शिखरावर, म्हणजे ९७८ मीटरवर, ६च्या आसपास, आणि वारा वेगळाच. पावसाळी ट्रेकला टी-शर्टवर मजा करणाऱ्या आपल्या लोकांना हे पटायला वेळ लागतो. बोटांना चेन लावता येईना, सोबत्याची जीभ जड झाली, तो विनाकारण चिडायला लागला, की शर्यत संपली असं समजा. कपडे चढवा, खा, खाली उतरा.

ऑक्टोबर २००८मध्ये बॉरोडेलला भरलेली ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन पुरामुळे मधेच थांबवावी लागली. १७०० लोकांचा पत्ता नाही, अशा बातम्या देशभर झळकल्या. प्रत्यक्षात बहुतेकांनी आपल्या पाठीवरच्या तंबूत, गोठ्यांत किंवा होनिस्टरच्या पाटीच्या दगडाच्या (स्लेटच्या) खाणीत रात्र काढली आणि सकाळी चालत खाली आले. सक्तीचं सामान सक्तीचं का असतं, ते त्या रात्री कळलं.

मदत कशी मागायची?

९९९ लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. ही पथकं स्वयंसेवकांची आहेत आणि पैसे घेत नाहीत. रेंज इतकी कमी असते की बोलणं होत नाही, पण एसएमएस जातो. त्यासाठी आजच 'रजिस्टर' हा इंग्रजी शब्द ९९९ला पाठवून नोंदणी करून ठेवा. शिट्टीचा इशारा: एका मिनिटात सहा फुंका, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा.

सुरुवात नेमकी कुठून करू?

ओरिएंटियरिंगपासून. हा मुळात स्वीडनमधला खेळ. ब्रिटनमध्ये गावोगावी त्याचे क्लब आहेत आणि रविवारी बागेत, जंगलात छोट्या स्पर्धा होतात. मार्गांना रंगांची नावं असतात. पांढरा आणि पिवळा लहान मुलांचे, नारिंगी मोठ्या नवख्यांना बरोबर, हिरव्यापासून पुढे कठीण. मान खाली घालून आठ-नऊ वर्षांच्या पोरांकडून हरायची तयारी ठेवा. तिथला नकाशा बराच मोठ्या प्रमाणाचा आणि त्याचे रंग वेगळे, पांढरं म्हणजे धावता येईल असं जंगल आणि पिवळं म्हणजे मोकळी जागा, त्यामुळे डोंगरात आल्यावर डोळ्यांना परत जुळवून घ्यावं लागतं. पण चुका तिथे स्वस्त पडतात. फार तर ओल्या अंगाने चहा उशिरा मिळतो.

बॉब ग्रॅहॅम राउंड मलाही करता येईल?

लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिक गावातल्या मूट हॉलपासून निघून ४२ शिखरं करून २४ तासांत तिथेच परत. सुमारे १०६ किलोमीटर आणि जवळपास ८२०० मीटर चढ. केझिकमध्येच निवासगृह चालवणाऱ्या बॉब ग्रॅहॅम यांनी १९३२ साली हे केलं, आणि दुसऱ्या कोणाला जमायला १९६० उजाडलं. वॉस्डेलचे मेंढपाळ जॉस नेलर यांनी तर १९७५मध्ये एका दिवसात ७२ शिखरं केली. करता येईल, पण हा प्रश्न तीन वर्षांनी विचारा.

सह्याद्रीत असा सराव होईल का?

नकाशा वाचायचा होईल. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० नकाशे घ्या, त्यांवर समोच्च रेषा २० मीटरच्या असतात. मात्र फरक समजून घ्या. सह्याद्रीत कुठून जायचं हे कडा ठरवतो. बेसॉल्टच्या थरांमुळे डोंगर पायऱ्यांचा, आणि वर जायला चार नाळा नाहीतर सोंडा. ती वाट सापडली तर सापडली, म्हणून वाटाड्या हवा. इथे बहुतेक उतार मोकळे आहेत, दहा वाटांपैकी कुठलीही घेता येते, आणि खेळ त्या निवडीचा आहे. सह्याद्रीतल्या माणसाला इथे अवघड जातं ते हेच: वाट नाही म्हणून तो थबकतो.

भारतातून आठवडाभर येणार आहे. एखादी शर्यत करता येईल?

छोटी, 'बीएस' किंवा 'सीएस' वर्गातली करा. उन्हाळ्यात मधल्या वारी संध्याकाळीही होतात, फी बहुधा फार नसते, आणि संपल्यावर सूप किंवा घरचा केक मिळण्याची शक्यता चांगली. प्रवासाचा विमा घेताना डोंगरात धावणं त्यात धरलं आहे का ते बघा. बचाव पथक फुकट असलं तरी मोडलेल्या पायाने परतीचं विमान बदलणं फुकट नसतं. आणि येताना खजुराचे लाडू आणा, इथे चांगले मिळत नाहीत.